धम्माचा सण आणि देहाचे आरोग्य



अशोक विजयादशमी जवळ आली की आपल्या वस्त्यांतून एक वेगळेच वारे वाहू लागते. पांढरी लुगडी, पांढरे सदरे धुऊन घडी घालून ठेवले जातात. नागपूरच्या दीक्षाभूमीला कोण कोण जाणार, गाडी कोणती, भाकरी किती बांधायच्या याची बोलणी सुरू होतात. तेथून परत येतो न येतो तोच शाळांना दिवाळीची सुट्टी लागते, मुंबई-पुण्याकडचे भाऊ-भावजय गावी येतात. मग लग्नाच्या सुपाऱ्या फुटतात. मग सहा डिसेंबर येतो आणि चैत्यभूमीची ओढ लागते. नववर्षाच्या पहिल्या दिवशी भीमा कोरेगाव. पुढे एप्रिलमध्ये जयंती आणि वैशाखाच्या उन्हात बुद्धपौर्णिमा. म्हणजे नवदीक्षित बौद्ध कुटुंबाचे सणाचे दिवस मोजायला बसले तर ते थोडे नाहीत.

हे दिवस आनंदाचे आहेत यात शंका नाही. पण या दिवसांचा शेवट आपल्या घरात कसा होतो, याचा तुम्ही कधी विचार केला आहे काय? धाकटे पोर जुलाबाने लोळागोळा झालेले असते. म्हाताऱ्याची साखर वाढलेली असते. घरच्या बाईची कंबर धरलेली असते आणि घरधन्याच्या डोक्यावर उसनवारी बसलेली असते. जो सण माणसाला उभारी देण्यासाठी असतो तो माणसाला आडवा करून जातो. मग प्रश्न पडतो, की हा धम्माचा सण झाला काय? आणि आरोग्य व विश्रांती या गोष्टींशी धम्माचा काही संबंध आहे की नाही?

काहीजण म्हणतील, "मास्तर, धम्म म्हणजे त्रिशरण-पंचशील. त्यात जुलाबाचे आणि झोपेचे काय?" त्यांना माझे नम्र उत्तर असे, की तथागतांचा धम्म हा परलोकाचा धम्म नाही. तो या देहाने, या जगात, या शेजाऱ्यांबरोबर जगण्याचा धम्म आहे. जेथे माणसाचा देह आहे तेथे धम्माला बोलण्यासारखे आहेच.

सिद्धार्थ गौतमाने सहा वर्षे देहदंड सोसला. अन्न कमी करीत करीत एका दाण्यावर आणले. पोटाला हात लावावा तर पाठीचा कणा हाताला लागावा, इतके शरीर झिजले. त्यातून ज्ञान लाभले काय? नाही. मग त्याने सुजाताने दिलेली खीर स्वीकारली, अंगात बळ आणले आणि मग तो बोधिवृक्षाखाली बसला. त्याचे पाच सोबती रागावून निघून गेले, पण तो डगमगला नाही. देहाला जाळून मन उजळत नाही आणि देहाचे चोचले पुरवूनही मन उजळत नाही, हा मध्यम मार्ग त्याने स्वतःच्या हाडामांसावर पारखून घेतला आणि मगच जगाला सांगितला.

आळवी गावची एक कथा धम्मपदाच्या अट्ठकथेत आहे. तथागत त्या गावी आले. त्यांचे प्रवचन ऐकावे म्हणून एक गरीब शेतकरी निघणार होता, पण त्याचा बैल हरवला. दिवसभर रान तुडवून त्याने बैल शोधला आणि उपाशीपोटी, थकलेला असा तो सभेत येऊन पोहोचला. सारा गाव ताटकळत बसला होता, कारण तथागतांनी त्याच्यासाठी प्रवचन थांबवून ठेवले होते. तो आल्यावर तरी लगेच उपदेश सुरू केला काय? नाही. त्यांनी आधी विचारले, शिल्लक अन्न आहे काय? त्या माणसाला जेवू घातले. त्याच्या जिवाला स्वस्थता आली आणि मग उपदेश केला. भिक्षूंना याचे नवल वाटले. तथागतांनी त्यांना सांगितले, की भूक हे मोठे दुखणे आहे. भुकेने तळमळणाऱ्याला धम्म कळत नाही. याच सुखवर्गात पुढे आरोग्याला सर्वांत मोठा लाभ म्हटले आहे. धन हा मोठा लाभ आहे असे तेथे म्हटलेले नाही, हे लक्षात घ्या.

आता या कसोटीवर आपले सणाचे दिवस घासून पाहू.

पहिली गोष्ट अन्नाची. कोसलचा राजा पसेनदी खादाड होता. एकदा भरपेट जेवून तो धापा टाकीत तथागतांकडे आला. तथागतांनी त्याला रागे भरले नाही, की उपास करायला सांगितला नाही. जो माणूस जागरूक राहून मापात जेवतो त्याचे दुखणे कमी होते आणि म्हातारपण सावकाश येते, असे त्यांनी एका गाथेत सांगितले. राजाच्या मागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला ती गाथा पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणायला सांगितले. हळूहळू राजाचे जेवण मापावर आले, अंग हलके झाले. पाहा, केवढा मोठा राजा, पण ताटावर बसल्यावर त्यालाही आठवण करून देणारे माणूस लागले.

आपल्या घरात हा सुदस्सन कोण होणार? सणाच्या चार दिवसांत तेलकट-तुपकट, गोडधोड इतके पोटात जाते, की ज्याला मधुमेह आहे तोही म्हणतो, "आजच्या दिवस चालेल." असे 'आजचे दिवस' ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत पंधरावीस होतात. घरातील शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने प्रेमाने आठवण द्यावी, "आजोबा, एक लाडू झाला, आता पुरे." आजोबांनीही राग न धरता ऐकावे. राजाने ऐकले, मग आपण का ऐकू नये?

याच्या उलट टोकाचीही एक खोड आपल्यात उरली आहे. दीक्षा घेतली, देव्हाऱ्यातले देव गेले, पण आजूबाजूला नवरात्र सुरू झाले की काही घरांतून गुपचूप नऊ दिवसांचे उपास चालू होतात. सासू म्हणते, "आमच्या घराण्याचा रिवाज आहे, मोडला तर काहीतरी होईल." दिवसभर राबणारी, अंगात रक्त कमी असलेली बाई नऊ दिवस चहा-साबुदाण्यावर काढते आणि दसऱ्याला भोवळ येऊन पडते. भगिनींनो, ज्याने सहा वर्षे उपाशी राहून पाहिले आणि ते व्यर्थ ठरविले, त्याच्या मार्गाने आपण निघालो आहोत. उपोसथाच्या दिवशी अष्टशील पाळणारा माणूस दुपारनंतर जेवत नाही, हे खरे. पण तो नवस नव्हे आणि भीतीही नव्हे. तो स्वतःला वळण लावण्याचा सराव आहे. आजारी माणसाने, गरोदर बाईने, अंगावर पाजणाऱ्या आईने तो करू नये. त्यात धम्माचे काहीही बिघडत नाही.

दुसरी गोष्ट दारूची. पंचशीलातील पाचवे शील आणि बावीस प्रतिज्ञांतील दारूची प्रतिज्ञा आपण उभे राहून, हात जोडून घेतली आहे. तरीही जयंतीच्या मिरवणुकीत आणि लग्नाच्या वरातीत काय दिसते, हे मी सांगायला नको. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी दारूचे सहा तोटे गृहस्थाला हिशेबवहीसारखे मांडून दाखविले आहेत: पैसा जातो, भांडणे वाढतात, रोग जडतात, नाव खराब होते, लाज जाते आणि बुद्धी मंद होते. अडीच हजार वर्षांत या यादीतील एकही कलम खोटे ठरलेले नाही. ज्या दिवशी बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालायचा, त्याच रात्री घरच्या लेकरांनी बापाला नाल्याकाठून उचलून आणायचे, यापरता त्या महामानवाचा दुसरा अवमान कोणता?

तिसरी गोष्ट झोपेची आणि विश्रांतीची. येथे मला थोडे विस्ताराने बोलावयाचे आहे, कारण विश्रांती म्हणजे आळस अशी आपल्या कष्टकरी समाजाची समजूत आहे. पिढ्यान् पिढ्या आपल्याला विश्रांती मिळालीच नाही. गावकीच्या वतनदाराला रात्र नाही, दिवस नाही. हाक आली की उठायचे आणि पळायचे. म्हणून बसलेला माणूस आपल्याला अपराधी वाटतो. पण धम्माने वर्षातच विश्रांतीची जागा ठेवली आहे. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत भिक्षू एका जागी वर्षावास करतात. वर्षभर गावोगाव चालणाऱ्या पायांना तीन महिने थांबा असतो. त्याच सिगालोवाद सुत्तात मालकाची नोकराप्रति पाच कर्तव्ये सांगितली आहेत: त्याच्या शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न आणि वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, गोडधोड त्याच्याबरोबर वाटून खावे आणि वेळोवेळी त्याला रजा द्यावी. म्हणजे रजा ही मालकाची मेहेरबानी नाही. राबणाऱ्याचा तो हक्क आहे, असे तथागतांनी सांगून ठेवले.

आणि बाबासाहेबांनी तो हक्क कायद्यात उतरविला. १९२८ साली मुंबई विधिमंडळात बाळंतिणीला पगारी विश्रांती मिळावी म्हणून त्यांनी आवाज उठविला. पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळीत असताना कामगारांच्या पगारी सुट्टीचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती होऊन आठवड्याच्या कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. ते विधेयक मांडणारे बाबासाहेबच होते. आज कारखान्यातला माणूस आठ तासांनंतर घरी येऊन पोराला मांडीवर घेतो, त्यामागे हा इतिहास आहे.

आता मी तुम्हाला एक प्रश्न विचारतो. रागावू नका. आपल्या घरात सणाच्या दिवशी रजा कोणाला मिळते? पुरुष मंडळी ओट्यावर बसतात, मुले खेळतात, पाहुणे गप्पा मारतात. आणि जिच्या हातचे सारे खातात ती पहाटे चारला उठते आणि रात्री बाराला भांडी घासून भिंतीला टेकते. एरवी तिला बाहेरचे काम तरी असते, तेथून सुटण्याची वेळ तरी ठरलेली असते. सणात तीही नाही. गिरणीमालकाने असे वागविले असते तर आपण मोर्चा काढला असता! ज्या बाबासाहेबांनी परक्या मालकाकडून आठ तास मागून घेतले, त्यांचे अनुयायी स्वतःच्या घरात वीस तास राबवून घेतात, हे कोणत्या धम्मात बसते? सर्वांना सुट्टी आणि एकीला दुप्पट काम, अशा दिवसाला सण म्हणू नका.

यावर उपाय अवघड नाही. पाहुण्यांत पुरुष आहेत, त्यांना हात आहेत. पाणी भरणे, भाजी चिरणे, भांडी घासणे यात कोणाची प्रतिष्ठा जात नाही. भिक्षू आपले पात्र स्वतः धुतो, मग उपासकाने आपले ताट का धुऊ नये? स्वयंपाक साधा ठेवावा. पाच पदार्थांऐवजी दोन करावेत. दुपारी दोन तास घरच्या बाईला आडवे होऊ द्यावे आणि तेवढ्या वेळात कोणी तिला हाक मारू नये. एवढे एक व्रत या वर्षी प्रत्येक घराने घ्यावे, अशी माझी विनंती आहे.

झोपेचे आणखी थोडे सांगतो. प्रौढ माणसाला रोज निदान सात तास झोप लागते. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास लागते आणि त्यापुढच्या मुलामुलींना आठ ते दहा तास. दिवाळीची सुट्टी संपून वर्ग भरतो तेव्हा पहिला आठवडाभर मला हे समोर दिसते. हजेरीपटावर गैरहजेरी वाढलेली असते आणि जी मुले येतात त्यांतील चारदोन बाकावर डोके टेकून झोपी जातात. रात्र रात्र जागरणे झालेली, वर हातात मोबाईल. ही शिकणारी पहिली-दुसरी पिढी आहे. तिचा एक आठवडाही वाया जाणे आपल्याला परवडणारे नाही. शाळा उघडण्यापूर्वी चार दिवस तरी मुलांना वेळेवर झोपवायला लागा.

आणि आपली झोप मोडू नये असे वाटते, तर दुसऱ्याची मोडू नये. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून लागू आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णे लावायला बंदी आहे; सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडून. जयंतीच्या गाण्यावर छाती धडधडेल इतका आवाज सोडला म्हणजे बाबासाहेबांचे विचार कानात शिरतात असे नाही. शेजारी नुकतेच जन्मलेले मूल असेल, हृदयविकाराचा म्हातारा असेल, दहावीचा अभ्यास करणारी मुलगी असेल. करुणा ही अशाच लहान ठिकाणी ओळखू येते.

तरुण कार्यकर्त्यांसाठी एक शब्द. उत्सवाआधी आठ आठ दिवस तुम्ही झोपत नाही, वडापाव आणि चहावर राहता, आणि कोणी काही म्हटले की उत्तर देता, "बाबासाहेब रात्र रात्र जागून वाचत, मग आम्ही का नाही?" मुलांनो, सोण नावाच्या भिक्षूची गोष्ट ऐका. तो इतका चालला, की तळपाय फुटून चालण्याची वाट रक्ताने भरली. मग तो निराश झाला, घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तथागतांनी त्याला विचारले, "तू पूर्वी वीणा वाजवीत होतास ना? तारा फार ताणल्या तर सूर लागत असे काय? फार सैल सोडल्या तर?" सोणाला उमगले. फार ताणलेला उत्साह तुटतो आणि तुटला की माणूस चळवळीतूनच निघून जातो. असे कितीतरी मोहरे आपण गमावले आहेत.

बाबासाहेबांचे म्हणाल, तर त्यांचा देह अखेरच्या वर्षांत मधुमेहाने आणि इतर व्याधींनी पोखरला होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला ते गेले. मध्ये अवघे ५३ दिवस. वय ६५. आणखी दहा वर्षे ते लाभले असते तर! हा सल आपल्या मनात कायमचा आहे. त्यांनी आपले शरीर झिजविले ते आपल्या लेकरांना माणसासारखे खाता यावे, शिकता यावे, निवांत झोपता यावे म्हणून. त्यांच्या जागरणाची नक्कल करून त्यांचे ऋण फिटणार नाही. त्यांच्या मधुमेहापासून शिकावयाचे असेल तर हे शिका, की चाळिशी उलटलेल्या प्रत्येकाने सरकारी दवाखान्यात जाऊन साखर आणि रक्तदाब तपासून घ्यावा. गोळ्या चालू असतील तर प्रवासात त्या एकही दिवस चुकवू नयेत.

आता प्रवासाच्या काही गोष्टी. दीक्षाभूमी असो की चैत्यभूमी, लाखो माणसे एका जागी जमतात. तेथे पाणी, मांडव, दवाखाना यांची सोय केलेली असते, पण आपली काळजी आपण घेतली पाहिजे. घरून उकळून गार केलेले पाणी न्यावे. उघड्यावर कापून ठेवलेली फळे आणि रंगीत बर्फाचे गोळे मुलांना देऊ नयेत. भाकरी, चटणी, भाजलेले शेंगदाणे, गूळ, चिवडा हे टिकणारे खाणे बरोबर असावे. भाजी-भात सकाळी बांधून रात्री खाऊ नये. जेवणाआधी आणि शौचानंतर साबणाने हात धुवावेत. साबणाची वडी पिशवीत ठेवायला जड होत नाही. जुलाब सुरू झाले तर जीवनसंजीवनीची पुडी द्यावी. ती नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजावे. अंगावरचे पाजणे थांबवू नये. मूल निपचित पडले, डोळे खोल गेले, लघवी थांबली किंवा शौचातून रक्त पडू लागले तर वाट पाहू नये, दवाखाना गाठावा. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावता येते. मधुमेह असलेल्याने रांगेत अनवाणी चालू नये. पायाला बधिरपणा असेल तर जखम कळत नाही आणि ती चिघळते. लहान मुलाच्या खिशात नाव आणि फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

विदर्भातील कुटुंबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात धरावी. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत बराच आढळतो. तो आईबापांकडून मुलाला येतो. रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे-सांधे असह्य दुखतात. अशा मुलाला पाणी कमी पडले, थंडी बाधली किंवा फार दमणूक झाली की दुखणे उसळते. सणाच्या प्रवासात नेमक्या याच तीन गोष्टी घडतात. उन्हात चालणे, पाणी न पिणे आणि रात्री उघड्या जमिनीवर झोपणे. म्हणून अशा मुलाला तासातासाला पाणी पाजा, रात्री पांघरूण घाला, डॉक्टरांनी दिलेली औषधे बरोबर ठेवा आणि ताप आला किंवा धाप लागली तर ताबडतोब दवाखान्यात न्या.

आणि येथेच नवदीक्षित कुटुंबाची खरी परीक्षा होते. रात्री पोर हाडे दुखतात म्हणून किंचाळू लागले, की घरातले जुने माणूस म्हणते, "जुने देव सोडले, त्याचा हा कोप. अमक्या देवरुषाकडे चला." भीतीपोटी आईबाप वाकतात. अंगारा, लिंबू, कोंबडे यांत दोन दिवस जातात आणि ते दोन दिवसच लेकराच्या जिवावर बेततात. बंधूंनो, आजार देवाच्या कोपाने होत नाही. त्याला कारण असते. कारण शोधावे आणि ते दूर करावे, हीच तर तथागतांची चार आर्यसत्यांची शिकवण. सिकलसेलची रक्ततपासणी सरकारी दवाखान्यात होते. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारने या रोगाच्या निर्मूलनाची मोहीमही हाती घेतली आहे. लग्न जुळविताना पत्रिका पाहणे आपण सोडले, आता मुलामुलीच्या रक्ताचा कागद पाहायला लागा. दोघांतही वाहकपणा असेल तर होणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. धम्म स्वीकारल्याचा हा डोळस पुरावा होईल.

आता शेवटची आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समजा, निघण्याच्या आदल्या दिवशी घरात आजारी माणूस आहे. सून आठ महिन्यांची गरोदर आहे, सासरे दम्याने बेजार आहेत, किंवा पोर तापाने फणफणले आहे. त्यांना तसेच गाडीत कोंबून न्यावे काय? की त्यांना टाकून जावे? पुष्कळांच्या मनात घालमेल होते, "गेलो नाही तर पाप लागेल, बाबासाहेब काय म्हणतील?"

यासाठी विनयपिटकातील एक प्रसंग सांगतो. एका विहारात एक भिक्षू अतिसाराने आजारी होता. स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी विचारले, "तुझी शुश्रूषा का करीत नाहीत?" तो म्हणाला, "भगवान, मी भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी शुश्रूषा करीत नाहीत." तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः त्याच्यावर पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, मग एकाने डोके आणि दुसऱ्याने पाय धरून त्याला खाटेवर निजविले. नंतर सर्व भिक्षूंना जमवून तथागतांनी सांगितले, की ज्याला माझी सेवा करावयाची आहे त्याने आजाऱ्याची सेवा करावी.

याहून स्पष्ट उत्तर कोणते हवे? दीक्षाभूमी ही आपली प्रेरणाभूमी आहे. तेथे जावे, समाज एकत्र आलेला पाहावा, पुस्तके विकत घ्यावीत, प्रतिज्ञांची उजळणी करावी. पण ती पुण्य विकत देणारे तीर्थक्षेत्र नाही. न गेल्याने कोणी बाटत नाही. २०२० साली महामारीच्या वेळी दीक्षाभूमीचा आणि चैत्यभूमीचा मेळा भरला नाही. आपण घरोघरी वंदना घेतली, तेव्हा आपला धम्म काही कमी झाला काय? मग घरच्या आजाऱ्यासाठी एक वर्ष घरी थांबले तर तो का कमी व्हावा? जो मुलगा दम्याच्या बापाजवळ रात्रभर बसून राहतो, ज्याला बापापासून आता एक पैसाही मिळावयाचा नाही, तो त्या रात्री तथागतांची सेवा करीत असतो. बाबासाहेबांना भेटण्यासाठी त्याला दुसरीकडे जाण्याची गरज नाही.

तेव्हा बंधू-भगिनींनो, या वर्षी सणाच्या तयारीत आणखी थोडी तयारी धरा. ऐपतीपुरताच खर्च करा. सणासाठी कर्जाचा हप्ता डोक्यावर घेतला तर झोप जाते आणि झोप गेली की आरोग्य जाते. मापात खा, दारूला घरात थारा देऊ नका. घरच्या बाईला विश्रांती द्या, मुलांना वेळेवर निजवा. आजाऱ्याला औषध द्या, त्याच्याजवळ बसा. संध्याकाळी सर्वांनी मिळून वंदना घ्या आणि नंतर निवांत झोपा. सकाळी घरातील प्रत्येक माणूस ताजेतवाने उठले, म्हाताऱ्यापासून तान्ह्यापर्यंत आणि आईसुद्धा, तर समजा की तुमचा सण धम्माप्रमाणे साजरा झाला.

तुम्हा सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही मंगल कामना.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!